बोट काढू नकोस, मामा

मुलांना गोष्ट सांगायची आमच्या घरातली रीत सोपी होती. सांगणाऱ्याने सांगायचं, ऐकणाऱ्याने हुंकार द्यायचा आणि हुंकार बंद झाला की दिवा मालवून पाय न वाजवता बाहेर यायचं. पुण्याहून सुट्टीला आलेल्या भाच्याला, चिन्मयला, मी गेल्या उन्हाळ्यापर्यंत असाच झोपवत होतो. यंदा त्याला आमच्या इंदूरच्या खजुरी बाजारात घेऊन गेलो. जुन्या पुस्तकांच्या ढिगातून त्याने एक पिवळी पडलेली इंग्रजी चोपडी ओढून काढली. दुकानदार म्हणाला, "ले जाओ भिया, इसकी कहानी कभी खतम नी होती." मला वाटलं, माल खपवतोय.

या पुस्तकाचा नायक म्हणजे वाचणारा स्वतः. काँकॉर्ड विमानातून तुम्ही न्यूयॉर्कहून लंडनला निघालेले असता आणि परग्रहावरची मंडळी तुम्हाला अधांतरीच उचलून आपल्या यानात नेतात. इथवर ठीक. मग पानाच्या तळाशी विचारणा येते: असं करणार असाल तर अमुक पानावर जा, तसं करणार असाल तर तमुक पानावर. नऊ वर्षांच्या मुलासमोर दोन पर्याय ठेवले की तो त्यातला एक निवडेल, अशी लेखकाची भाबडी समजूत दिसते. चिन्मय दोन्ही निवडतो.

त्यासाठी तो बोटं वापरतो. पहिल्या फाट्यावर डाव्या हाताचा अंगठा पानात अडकवायचा आणि पुढे जायचं. दुसऱ्या फाट्यावर तर्जनी, तिसऱ्यावर मधलं. उजवा हात पानं उलटायला मोकळा हवा, त्यामुळे पाच फाटे झाले की त्याचा साठा संपतो आणि माझा सुरू होतो. "मामा, इथे बोट ठेव. हे नाही, करंगळी. तर्जनी पुढे लागेल." पुस्तक असं की एका तळहातात मावेल; त्यात दोन माणसांची आठ बोटं. एकदा भर दुपारी आम्ही असे जखडून बसलेलो असताना गॅसवाल्याचा फोन आला. सिलिंडर फाटकाशी, ओटीपी माझ्या मोबाइलवर, मोबाइल खिशात आणि मी अंतराळात. शेवटी बायकोने माझ्या खिशात हात घालून मोबाइल काढला, स्क्रीन उघडायला माझा अंगठा मागितला, तर चिन्मय ओरडला, "मामी, अंगठा नको! तिथून दोन रस्ते फुटतात!"

मरणाचंही तेच. या पुस्तकात माणूस ऊठसूट मरतो. मला वाटायचं, चला, मेला, आता झोपेल. "मेलास तू. मीट पुस्तक."

"मेलो नाही, नुसतं बघून आलो," असं म्हणून तो शांतपणे करंगळीच्या पानावर परत जातो.

आपल्याकडे हे लाड नव्हते. विक्रमादित्य उत्तर ठाऊक असून गप्प राहिला तर डोक्याची शकलं, आणि बोलला तर वेताळ पुन्हा झाडावर. दोन्ही पर्याय वाईट असले की निर्णय चटकन होतो, हे नोकरी केलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. सत्यनारायणाच्या कथेतल्या कलावतीनेही प्रसाद न घेता धावायचं ठरवलं आणि नवरा होडीसकट गडप झाला. तिला मात्र परत जाऊन प्रसाद घ्यायची सोय होती. म्हणजे बोट तिनेही ठेवलेलंच होतं म्हणायचं.

हा उपद्व्याप सुरू कुणी केला ते मी शोधून काढलं. एडवर्ड पॅकार्ड नावाचा अमेरिकन वकील. रात्री मुलींना गोष्ट सांगताना त्याला पुढचं सुचेना, तेव्हा त्याने मुलींनाच विचारलं, "तुम्ही असतात तर काय केलं असतं?" दोघींनी दोन उत्तरं दिली. ऑफिसातून दमून आलेल्या बापाचं हे काम ढकलणं आहे, पण वकील असल्यामुळे त्याने त्याचं पुस्तक केलं. 1969 मध्ये लिहिलेलं ते बाड प्रकाशकांनी नाकारलं आणि 1976 मध्ये व्हर्माँटमधल्या एका छोट्या प्रकाशनाने ते काढलं. 1979 मध्ये एका मोठ्या प्रकाशनाने मालिकाच सुरू केली. 1998 पर्यंत, वेगवेगळ्या लेखकांची मिळून, 184 पुस्तकं आली आणि 25 कोटींहून जास्त प्रती खपल्या. प्रत्येक प्रतीमागे एकेका मामाची चार बोटं धरली, तर मानवजातीचे किती हात त्या काळात कामातून गेले असतील याचा मी बिछान्यावर पडल्या पडल्या हिशेब करतो.

रोग पुस्तकापुरता राहिला असता तरी चाललं असतं. पण आम्ही रात्री सराफ्यात गेलो. दागिन्यांच्या दुकानांची शटर्स पडलेली, त्यांच्या ओट्यांवर कढया आणि तवे, आणि माणसांचा हा लोंढा. चिन्मयसमोर डावीकडे भुट्ट्याचा कीस, उजवीकडे खोपरा पॅटिस. तो क्षणभर थांबला. मग मला दंडाला धरून पॅटिसच्या कढईसमोर उभा केला. "मामा, तू इथून हलायचं नाही. तू बोट आहेस." आणि मामीला घेऊन किसाकडे गेला. मी तिथे उभा. मागून धक्के, पुढून तेलाची धग. पॅटिसवाला म्हणाला, "भिया, लेना है कि नी?" त्याला काय सांगणार? "पाच मिनट," म्हणालो. पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न, आता बिनभियाचा. माझ्याजवळ माणसं आली, पॅटिस खाऊन, पैसे देऊन गेली. चिन्मय किसाकडून जलेब्याकडे गेला होता आणि तिथे त्याने मामीला अडकवून ठेवलं होतं. आम्ही दोघं सराफ्यात शंभर पावलांच्या अंतरावर, एकमेकांना दिसत असून भेटू न शकणारे.

पुस्तकात अल्टिमा नावाचा एक ग्रह आहे, सुखाचा. सुरुवातीलाच बजावलेलं आहे की निवड करून किंवा सूचना पाळून तिथे कुणीच पोचू शकत नाही. पान पुस्तकात आहे, पण कुठल्याच पानाच्या तळाशी त्याचा आकडा नाही. आमचं पुस्तकही त्याच मालिकेतलं, पॅकार्डचंच; 1982 मध्ये त्याने मुद्दाम केलेली ही खोडी. मी हे वाचलेलं होतं, पण चिन्मयला सांगितलं नाही. शोधत बसला की घर शांत असायचं. त्याने वहीत बाण काढून सगळ्या फाट्यांचा नकाशा केला, आणि ती वही उघडी धरायलाही बोटं लागू लागली.

दरम्यान पुस्तक आईच्या हाती लागलं. आई शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, आणि तिच्या हातात गेलेल्या कुठल्याही पुस्तकाचं पारायणच होतं. पानाच्या तळच्या सूचनांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मी विचारलं, "आई, अगं, आत्ता हा मेला आणि पुढच्या पानावर जिवंत, तुला काही खटकत नाही?" ती म्हणाली, "मागचा जन्म असेल," आणि पान उलटलं.

दोन दिवसांनी सकाळी पोह्यांवर जिरावण भुरभुरवताना ती चिन्मयला म्हणाली, "तो अल्टिमा काय छान रंगवलाय रे! तू पोचलास की नाही?"

चिन्मयचा चमचा हवेतच राहिला. "आजी, तू पोचलीस? कुठल्या पानावरून?"

"आधीच्या," आई म्हणाली. "शेव घे."