बेडूक दिसला का?

मे महिन्यात परभणीतून राजस्थानला कोण जातं? आम्ही जातो. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असल्यावर आम्हाला उन्हाचं काय भ्या! मेव्हणा म्हणाला, “दाजी, अबूला जायचंच. गुरुशिखरावर दत्त हाय.” दत्ताचं नाव निघालं की सासूबाई आधी पिशवी भरतात, कुठं जायचं ते नंतर विचारतात. वाळवंटात ऊन लागू नये म्हणून प्रत्येकाच्या खिशात एकेक कांदा दिला गेला.

अबू रोडला उतरून घाट चढलो, तर वर गार वारं, तळं, तळ्यात होड्या. वाळू औषधालाही नाही. ड्रायव्हर म्हणाला, राजस्थानात सगळ्यात जास्त पाऊस याच डोंगरावर पडतो. परभणीपेक्षाही जास्त पडतो म्हणे. ते ऐकून सासरे जे गप्प झाले, ते संध्याकाळी थेट सोयाबीनच्या भावावरच बोलले.

खरी फजिती झाली ती तिथल्या ‘नक्की’ नावाच्या तलावाकाठी. वरच्या कड्यावर ‘टोड रॉक’, म्हणजे तळ्यात उडी मारायच्या बेतातला बेडूक. सगळ्यांना एका सेकंदात दिसला. मला दिसेना.

“काहून दिसना? ते बघा तोंड, ते बघा पाठ!”

“ते झाड?”

“झाडाच्या वर हो, दाजी!”

इथला ग्रॅनाइट ऊन-पावसानं कोपऱ्यांकडून झिजतो, गोल गरगरीत होतो, पोकळ्या पडतात. मग माणसं त्यात नाकडोळे शोधतात. मला सवय आमच्या काळ्या दगडाची. तो एक तर धोंडा असतो, नाहीतर शेंदूर लावला की देव. मधलं काही नसतं. शेवटी मान दुखायला लागली तेव्हा “हां, हां, दिसला!” म्हणून टाकलं. लगेच मेव्हण्यानं परीक्षा घेतली, “तोंड कोणीकडं?” मी दाखवलं. ते हॉटेल निघालं.

पुढं ‘नन रॉक’. डोक्यावरून पदर घेतलेली बाई. सासूबाई म्हणाल्या, “अगदी आपली वन्सं!” आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली; वन्संबद्दल घरात दुमत चालत नाही.

गुरुशिखर 1722 मीटर, अरवलीतलं सगळ्यात उंच. पायऱ्या चढताना माझा भाता झाला होता आणि सासूबाई वर पोचून घंटा वाजवत होत्या. दत्ताला हात जोडले. मागायचं बरंच होतं, पण तोंडातून आलं, “देवा, तेवढा बेडूक दाखव.” खिशातला कांदा तिथंच भेळेत गेला.

परतल्यावर आठवड्यानं मेव्हण्याच्या शेतात गेलो. बांधाजवळ पाहतो तर काय, फुगीर पाठ, वासलेलं तोंड, पुढचे पाय आवळून हुबेहूब बेडूक बसलेला! मी ओरडलोच, “अरे, तो बघ!”

“कुठंय?”

“तो काय समोर!”

मेव्हण्यानं डोळे बारीक केले, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. “तो धोंडा हाय, दाजी. नांगराला आडवा येतो. उद्या जेसीबी बोलावलाय.”