घोटाळेबाजाचा सिनेमा बघताना घ्यायची काळजी

घोटाळ्यावरचा सिनेमा नीट बघणं हे येरागबाळ्याचं काम नाही. आमच्या मराठवाड्यात अजूनही काही अडाणी लोक असा सिनेमा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतात, शेवटी काय झालं ते ध्यानात ठेवतात आणि वर विचारतात, "मग त्या लोकांच्या पैशाचं काय झालं?" असल्या माणसांमुळं बाकीच्यांच्या मजेवर पाणी पडतं. त्यांच्यासाठी हे चार शब्द.

हे ज्ञान मला नुकतंच परभणीत, वसमत रोडवरच्या एका मंगल कार्यालयात मिळालं. भाचा म्हणला, "मामा, शेअर मार्केटचा सेमिनार हाय. फुकट हाय, वरून नाष्टा." गेलो. पोहे बरे होते, त्याबद्दल तक्रार नाही. स्टेजवर एक सर. भर मे महिन्यात, परभणीत, अंगात ब्लेझर. मागच्या पडद्यावर 'द वुल्फ ऑफ वॉल स्ट्रीट'चे निवडक तुकडे: छाती बडवतात तो, पेन विकायला लावतात तो, नोटा उधळतात तो, आणि ती बोट. प्रत्येक तुकड्याला शिट्ट्या. छातीचा तुकडा आला तसं सरांनी सगळ्यांना उभं केलं आणि अख्खं कार्यालय छाती बडवायला लागलं. भाच्याच्या छातीत काही दम नाही, पण तोही बडवत होता. माझ्या शेजारचे एक रिटायर गुरुजीसुद्धा. गुरुजींना मी ओळखत होतो. त्यांचं पुढं सांगतो.

तर नियम पहिला: सिनेमा अर्धाच बघायचा.

पूर्ण सिनेमा जवळपास तीन तासांचा आहे. २०१३ सालचा, मार्टिन स्कॉर्सेसीचा. लिओनार्डो डिकॅप्रिओ त्यात जॉर्डन बेलफर्ट झालाय, आणि बेलफर्ट हा खरा माणूस. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडला त्याची स्ट्रॅटन ओकमाँट नावाची दलालीची पेढी होती. धंदा सोपा. कवडीमोल कंपनीचे शेअर आधी आपल्याच माणसांच्या नावावर गोळा करायचे, मग पोरांना फोनवर बसवून ते लोकांच्या गळ्यात मारायचे, आणि भाव फुगला की आपले विकून मोकळं व्हायचं. अडकून राहायचं ते गिऱ्हाइकानं. पुढं तो सापडला, साथीदारांविरुद्ध सरकारला मदत केली, बावीस महिने आत काढले आणि कोर्टानं सुमारे अकरा कोटी डॉलर लोकांना परत द्यायला सांगितलं. हे काही सरांच्या पडद्यावर आलं नाही. वेळच नव्हता हो. पुढं कोर्सची फी सांगायची होती.

पेनवाला तुकडा पाठ करा. घरी आल्यावर आपला पेन खिशात आहे का तेवढं बघा.

रिंगटोन शेअर दलाल हर्षद मेहतावरच्या २०२० च्या वेब सिरीजची ठेवा. बीडच्या बसस्टँडवर ती वाजली की चार माणसं वळून बघतात, रुबाब पडतो. १९९२ साली बँकांचा पैसा खोट्या पावत्यांवर कसा फिरवला ते विचारायचं नाही. तो २००१ च्या ३१ डिसेंबरला कोठडीत असतानाच वारला, हेही विचारायचं नाही. धुनीत ते वाजत नाही.

आता तुम्ही सज्जन, कुटुंबवत्सल, सप्ताहाला जाणारे असाल तर तुमच्यासाठी वेगळा मार्ग आहे. तुम्ही शिव्या मोजा. या सिनेमात त्या पाचशेच्या वर आहेत, त्यामुळं तीन तास बरा वेळ जातो. नग्न बाई दिसली की मान फिरवा, नशा दिसली की "काय हे" म्हणा. तुम्ही एकटे नाही. आपल्याकडं सेन्सॉरनं कात्री लावून 'ए' दिलं. केनियानं तर बंदीच घातली. चोरीवर मात्र कुणाचा आक्षेप नव्हता. म्हातारीची जन्माची कमाई फोनवरून काढून घेताना माणसाच्या अंगावर पूर्ण कपडे असले की प्रमाणपत्राला अडचण येत नाही. मी अशा सज्जनांना ओळखतो. शिवी ऐकली की कपाळाला आठी, आणि बंगला, बोट, गाडी दिसली की हळूच बायकोला, "पण कमावलं बघ गड्यानं."

या सिनेमाच्या पैशाची गंमत माहीत आहे? रेड ग्रॅनाइट नावाच्या निर्मिती कंपनीनं तो काढला. तिच्या संस्थापकांपैकी एक मलेशियाच्या तेव्हाच्या पंतप्रधानांचा सावत्र मुलगा. अमेरिकेच्या सरकारनं २०१६ साली कोर्टात म्हटलं की मलेशियाच्या वनएमडीबी या सरकारी निधीतून वळवलेला पैसा या सिनेमात आला. २०१८ ला त्या कंपनीनं सहा कोटी डॉलर देऊन, चूक कबूल न करता, प्रकरण मिटवलं. म्हणजे घोटाळ्यावरचा सिनेमा घोटाळ्याच्या पैशावर निघाला असं अमेरिकेचं म्हणणं. सरांना मी हे सांगायला गेलो. सर म्हणाले, "बघा ना, किती मोठं नेटवर्क!"

मराठवाडा मागास, मराठवाडा मागास म्हणून जी ओरड चालते तिच्यावर आता विश्वास ठेवू नका. न्यूयॉर्कमध्ये गोल्डमन सॅक्सच्या मुख्यालयाजवळच्या थिएटरात हा सिनेमा लागला तेव्हा तिथले बँकवाले तरुणसुद्धा नको त्या जागी टाळ्या पिटत होते असं तेव्हा छापून आलं होतं. सिंचनाचा, रस्त्यांचा राहू द्या, या एका खात्यातला आपला अनुशेष पूर्ण भरून निघालाय.

तुम्ही कौतुक स्थानिक ठेवलंत तरी चालेल. पडद्याची गरजच काय? डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरात गुन्हा नोंद झाला. महिना तेरा हजारांचा कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर, आणि विभागीय क्रीडा संकुलाच्या खात्यातून २१ कोटी ५९ लाख काढल्याचा आरोप. पाठोपाठ बातम्या: मैत्रिणीला फ्लॅट, बीएमडब्ल्यू, हिरे जडवलेला चष्मा. आठवडाभर माझ्या फोनवर दुसरं काही येत नव्हतं. आणि सगळं कौतुकाचं! "प्रेम असावं तर असं." "तेरा हजारात एवढं, बाकीचे झोपलेत का?" एकानंही विचारलं नाही की बाबा, तो पैसा पोरांच्या खेळाचा होता. कोर्टात व्हायचं ते होईल, पण हॉटेलात बसून "डोकं लागतं राव" म्हणणाऱ्यांचा निकाल त्याच आठवड्यात लागला होता.

आता सगळ्यात महत्त्वाचा नियम, बाकीचे विसरलात तरी चालतील: गिऱ्हाइकाकडं बघायचं नाही.

दिग्दर्शकानं तुमची सोय करून ठेवलीय. सुरुवातीला बेलफर्ट एका माणसाला फोनवर एका शेडमधून चालणाऱ्या कंपनीचे शेअर विकतो. ऑफिसमधली सगळी पोरं भोवती जमून हसतात. फोनच्या पलीकडच्या माणसाचा नुसता आवाज येतो. भोळा, खूश झालेला आवाज. तो माणूस दिसत नाही. त्याची बायको दिसत नाही. बेलफर्टची सुरुवातीची गिऱ्हाइकं कोण, तर टपालवाले, प्लंबर, असली कष्टाची माणसं. तीही दिसत नाहीत. सिनेमा आला तेव्हा अमेरिकेत यावरूनच वाद पेटला. अशाच एका प्रकरणात शिक्षा झालेल्या बापाच्या मुलीनं तिकडच्या एका साप्ताहिकात अनावृत पत्र लिहून विचारलं, की बुडालेल्यांचं कुठं आहे यात? डिकॅप्रिओचं म्हणणं पडलं की आम्ही त्याची भलामण करत नाही, तसं वाटणाऱ्यांना सिनेमा कळला नाही. मला विचाराल तर दिग्दर्शकाची चूक नाही. ठकाच्या डोळ्यांनी जग दाखवायचं ठरवलं तर ठकाला बुडणारा माणूस दिसतच नसतो, तो फक्त ऐकू येतो. पण हे कळायला बघणाऱ्याच्या घरी एखादं बुडालेलं माणूस पाहिजे, आणि ते असूनही त्याच्याकडं मान वळवता आली पाहिजे.

माझ्या घरी आहे. माझी मावशी, सेलूची. काका गेल्यावर आलेला पैसा आणि शेताच्या तुकड्याचे आलेले, असे मिळून तिनं एका मल्टिस्टेटमध्ये, म्हणजे अनेक राज्यांत चालणाऱ्या पतसंस्थेत, ठेवले. कसे ठेवले? पिग्मी एजंट गल्लीतलाच. रोज संध्याकाळी यायचा, मावशीच्या हातचा चहा प्यायचा, तिला "काकू, काकू" करायचा. शाखेत एसी, काचेचं दार, भिंतीवर चेअरमनसाहेबांचा महाराजांसोबतचा फोटो. गावच्या सप्ताहाची काल्याची पंगत संस्थेकडून. राष्ट्रीयीकृत बँकेत तिला कुणी खुर्ची देत नव्हतं, केवायसीसाठी तीनदा परत पाठवत होते. इथं मॅनेजर उठून उभा राहायचा. बँक सहा-सात टक्के देत होती, इथं बारा. मग एक दिवस शटर अर्धं खाली. मग "पुढच्या सोमवारी या". मग कुलूप.

आणि आपले लोक काय म्हणाले? "लोभ नडला."

बारा टक्क्यांचा लोभ! दोन टक्के महिन्यानं गावात व्याजाला पैसे लावणाऱ्यांनी म्हणलं हे. जे बेलफर्टला "खेळाडू" म्हणतात, त्यांनीच म्हणलं. चोरी करणाऱ्याची हाव म्हणजे जिद्द, आणि लेकीच्या लग्नासाठी चार पैसे जास्त यावेत म्हणून ठेव ठेवणारी विधवा लोभी. पैठण-बिडकीनकडं जमिनीचा मोबदला मिळालेल्या शेतकऱ्यांना 'तीस-तीस' नावाच्या गुंतवणूक योजनेनं नागवलं तेव्हाही हेच ऐकलं: "त्यांना पैसा पचला नाही." बुडालेल्या माणसाला वरून अक्कल शिकवायला आमच्याकडं कधी माणसांची टंचाई पडत नाही, पाण्याची पडते.

ते गुरुजी. त्यांना मी याआधी कलेक्टर कचेरीपुढं ठेवीदारांच्या मोर्चात पाहिलं होतं, उन्हात, डोक्यावर टॉवेल, हातात पावत्यांची झेरॉक्स. ग्रॅच्युइटी अडकलीय त्यांची. सेमिनार सुटल्यावर मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही इथं?" म्हणले, "गेलेलं कुठून तरी काढावं लागेल ना. सर बोलतात छान." आणि फी भरायच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

गुरुजींना मी काही बोललो नाही. बोलायचंय ते तुम्हा बाकीच्यांना.

२०२२ ते २०२४ या तीन आर्थिक वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावरच्या सौद्यांत, उतरलेल्या दर शंभर साध्या माणसांतले त्र्याण्णव तोट्यात गेले, हे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनं स्वतः जाहीर केलंय. त्या सरांना हे माहीत आहे. म्हणून ते ट्रेडिंग करत नाहीत, क्लास घेतात. बेलफर्टनंही सुटल्यावर हेच केलं, विक्री शिकवायला लागला. सिनेमाचा शेवट त्याच्याच सेमिनारचा आहे. त्याची ओळख करून द्यायला स्टेजवर जो माणूस येतो तो खरा बेलफर्ट, आणि शेवटचं दृश्य समोर बसलेल्या श्रोत्यांचे चेहरे. आ वासून बघणारे चेहरे. तुमचेच आहेत रे ते. तीन तासांत तुमची एवढी लाज काढलीय आणि तुम्ही त्यातला पेन तेवढा उचलून आणला.

काय बघता तुम्ही नक्की? बोट बघता. शटरपुढं बसलेली बाई तुमच्या रोजच्या रस्त्यावर आहे, तिच्याकडं बघून गाडीचा हॉर्न वाजवता. चेअरमन जामिनावर बाहेर आला तर हार घेऊन जाल, आणि तोच पुढं झेडपीला उभा राहिला तर बूथवर बसाल. ठगाला भांडवल लागतं ते नोटांचं नव्हे, तुमच्या या "मानलं गड्याला"चं. ते तुम्ही फुकट पुरवता.

ठेवीदारांसाठी १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. त्यात मालमत्ता जप्त होते, लिलाव होतो, पण त्याला वर्षं लागतात, आणि त्या वर्षांत अर्ज भरून द्यायला, आर्थिक गुन्हे शाखेत सोबत जायला, पावत्या लावून द्यायला माणूस लागतं. तुमच्यातलं कोण गेलं? तासभर रील बघायला वेळ आहे, म्हाताऱ्या माणसाचा एक फॉर्म भरायला नाही. इंग्रजी सिनेमातलं सगळं कळतं म्हणता, मग स्वतःच्या आईचं पासबुक काढा आणि वाचा. वर 'बँक' लिहिलंय की 'मल्टिस्टेट को-ऑपरेटिव्ह क्रेडिट सोसायटी'? बँकेत, सहकारी असली तरी, पाच लाखांपर्यंत ठेवीचा विमा आहे. सोसायटीला, पतसंस्थेला तो नाही. रिझर्व्ह बँकेचं तिच्यावर नियंत्रण नाही, आणि मल्टिस्टेटचा निबंधक बसतो दिल्लीत. एसी, महाराज आणि पंगत यांच्या मागं हे कुठंतरी बारीक अक्षरात असतं. उद्या नाही, आज वाचा. आणि तुमच्या गल्लीत कुणाचे बुडाले असतील तर त्यांच्या दारात जाऊन लोभाचा उच्चार करू नका, त्यांच्या पावत्या मागा आणि त्यांच्यासोबत रांगेत उभं राहा.