अंतराळातून आलेल्या माणसाला उंबऱ्यात वाकायला लावू नका

'कॉन्स्टेलेशन' ही अ‍ॅपल टीव्ही प्लसवरची २०२४ ची मालिका. ८ भागांत आटोपली, दुसरा सीझन आलाच नाही. अवकाश स्थानकात अपघात होतो, जो नावाची अंतराळवीर सोयुझ हे रशियन यान दुरुस्त करून एकटीच खाली येते आणि घरी आल्यावर तिला घरातल्या गोष्टी जुळेनाशा होतात. गाडीचा रंगसुद्धा तिच्या आठवणीतला नसतो. पुढे गोष्ट क्वांटमच्या वाटेनं जाते, ती इथे फोडत नाही. त्याआधी २०१४ मध्ये 'एक्स्टंट' आली होती. त्यात हॅली बेरी १३ महिने अवकाशात एकटी राहून परतते आणि गरोदर असल्याचं निघतं.

दोन्ही मालिका बघण्यासारख्या आहेत. तक्रार एकच. परत आलेल्या माणसाला घर परकं वाटावं यासाठी एवढा खटाटोप कशाला? त्याला कानातले खडे पुरतात.

खडे म्हणजे अक्षरशः खडे. आतल्या कानात चिकट थरावर कॅल्शियम कार्बोनेटचे बारीक स्फटिक बसलेले असतात. आपण मान वाकवली की ते वजनानं घसरतात आणि मेंदूला कळतं, डोकं कलंडलंय. वर स्थानकात मान वाकवली तरी ते घसरत नाहीत. मेंदू काही दिवस गोंधळतो, मळमळ होते, मग तो या खड्यांचं ऐकणं सोडून देतो आणि सगळा भार डोळ्यांवर टाकतो. सहा महिने असे गेले की मेंदूचा हिशेब पक्का होतो. आणि मग एक दिवस माणूस जमिनीवर येतो.

सोलापुरात एकांकिका आणि शॉर्टफिल्म करणाऱ्या पोरांना तोटा नाही. त्यातल्या कुणी हा विषय घेतला तर ग्राफिक्सला पैसे नाहीत म्हणून अडायचं कारण नाही. एक जुनं घर, एक उभा जिना, स्टीलचा तांब्या आणि बीपी मोजायचं मशीन एवढ्या सामानात हुतात्मा स्मृती मंदिराचा रंगमंच भरून जाईल.

समजा आपला गडी भवानी पेठेतल्या घरी आला. (उतरल्या उतरल्या कुणी घरी जात नाही, आधी डॉक्टरांचा ताबा. नाटकापुरतं तिसऱ्या दिवशी आला असं धरू.) आई दारात भाकरतुकडा ओवाळून टाकते, पायांवर पाणी घालते, डोळ्यांना पाणी लावते. इथपर्यंत ठीक. मग तो वाकून पाया पडतो.

इथे कॅमेरा हलवू नका. डोकं खाली गेलं की खडे घसरतात, आणि ज्या मेंदूला त्याची सवय राहिलेली नाही त्याला वाटतं की फरशी कलली, आख्खं घर कोलांटी खातंय. हात आपोआप चौकट धरतो. तो सावरून उभा राहतो तर दुसरा झटका: रक्त पायात उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी. आईला वाटतं पोरगं वाळलं, उपाशी ठेवलं वाटतं यांनी. मागून मित्र ओरडतो, "काय बे, चक्कर आली का?" एवढा एक मिनिटाचा प्रसंग नीट केला तर समांतर विश्व वगैरे काही लागत नाही.

अंधारी का येते तेही समजून घ्या, म्हणजे नटाला सांगता येईल. वर वजन नसल्यानं पायातलं रक्त-पाणी छातीकडे आणि डोक्याकडे सरकतं. तोंड सुजतं, नाक चोंदतं, पाय काटकुळे होतात. शरीराला वाटतं, पाणी जास्त झालं. ते बाहेर टाकलं जातं आणि रक्तातला द्रव साधारण १० ते १५ टक्क्यांनी कमी होतो. वर असेपर्यंत त्रास काही नाही. खाली आल्यावर उरलेलं रक्त पायात जातं आणि डोक्याला कमी पडतं. म्हणून परतीच्या आधी मिठाच्या गोळ्या आणि साधारण लिटरभर पाणी पोटात ढकलायचं असतं, शिवाय पाय आणि पोट आवळून धरणारे घट्ट कपडे. आता ही सगळी गोष्ट सोलापूरच्या मे महिन्यात, ४४ अंशांत, पत्र्याखालच्या खोलीत घडवा. उन्हानं रक्तवाहिन्या आणखी सैलावतात. परदेशी लेखकाला हा प्रसंग सुचणार नाही.

चालण्याचं. नट लोक अशा वेळी दारुड्यासारखे झुलतात, ते साफ चुकीचं. परतलेला माणूस पाय फाकवून, सावकाश, समोर एका जागी नजर रोवून चालतो. मान एकटी वळवत नाही, खांद्यासकट सगळा वळतो. वळणावर अंदाज चुकतो आणि खांदा चौकटीला घासतो. जिना चढताना तितकं नाही, उतरताना पंचाईत, कारण पायरी बघायला मान खाली घालावी लागते. मोरीत स्टूल ठेवा. डोक्यावर तांब्या ओतताना डोळे मिटले की तोल सांभाळायला उरतं काय? तांब्या हवेत सोडून देणं हेही खरं आहे, अशी सवय बऱ्याच जणांना राहते. पण नाटकात एकदाच घ्या. दुसऱ्यांदा घेतलं की प्रेक्षक हसतो आणि प्रसंग गेला.

आणखी एक, जे कुठल्याच मालिकेत धड दिसत नाही: पावलं. वर चालणं नसल्यानं तळव्याची कातडी सोलून मऊ होते आणि घट्टे पडतात ते पावलाच्या वरच्या बाजूला, कारण स्थिर राहायला पाय दांड्यांत अडकवावे लागतात. अशा तळव्यांनी शहाबादी फरशीवर अनवाणी चालून बघा म्हणावं. आणि बोलणं. कॅनडाचे क्रिस हॅडफील्ड २०१३ मध्ये उतरल्यावर म्हणाले होते की ओठ आणि जीभ जड वाटतात. म्हणजे पहिली काही वाक्यं नटानं जरा जपून, जीभ उचलत बोलावीत.

आता खाली येण्याचं. यात लेखक सगळ्यात जास्त घोळ घालतात. यान पृथ्वीकडे नाक करून सूर मारतं, असं दाखवतात. स्थानक साधारण ४०० किलोमीटरवर आहे, म्हणजे सोलापूर ते मुंबई उभं केलं तर जेवढं होईल तेवढं. त्या उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या जवळजवळ ९० टक्के असते. गुरुत्वाकर्षण संपलेलं नसतं, स्थानक सतत पडत असतं आणि आडव्या वेगामुळे जमिनीला चुकवत असतं. तो वेग सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या वर. सिद्धेश्वर एक्स्प्रेस जे अंतर रात्रभर तोडते ते एका मिनिटाच्या आत. परतायचं तर यान उलटं फिरवून, शेपूट पुढे करून इंजिन चालवायचं. सोयुझमध्ये हे इंजिन पावणेपाच मिनिटांच्या आसपास चालतं आणि वेग घटतो फक्त सेकंदाला सव्वाशे मीटरच्या आसपास. दोन टक्केसुद्धा नाही. तेवढ्यानं वाट वातावरणात शिरते, बाकीचा ब्रेक हवा लावते.

इंजिन सुरू झाल्यापासून जमिनीला टेकेपर्यंत जेमतेम तासाभराचा खेळ. साधारण १४० किलोमीटरवर यानाचे तीन तुकडे होतात. माणसं असलेला मधला, घंटेच्या आकाराचा भाग तेवढा खाली येतो, पुढचा गोल आणि मागचा इंजिनाचा भाग जळून जातो. मग खिडकीबाहेर आग, काच काळी पडते, काही मिनिटं संपर्क तुटतो, छातीवर ४ ते ५ पट वजन. साडेदहा किलोमीटरच्या आसपास पॅराशूटचा क्रम सुरू होतो आणि यान असं काही हेलकावतं की ज्याला आगीची भीती वाटली नाही तोही इथे देव आठवतो. मुख्य पॅराशूटचं कापड सुमारे १००० चौरस मीटर. त्यानंतर उष्णतारोधक तळ निखळतो, खिडकीची जळालेली बाहेरची काचही निघून पडते आणि एकदम निळं आकाश दिसतं. हा क्षण मालिकावाल्यांनी का सोडावा, कळत नाही. खुर्च्या धक्का झेलण्यासाठी वर उचलल्या जातात. हात छातीशी, दात घट्ट, बोलायचं बंद, नाहीतर जीभ चावली जाते. जमीन मीटरभरापेक्षा कमी राहिली की खालची छोटी रॉकेटं भडकतात. नाव 'सॉफ्ट लँडिंग', पण ते मनावर घेऊ नका.

आणि हो, झाकण उघडून हिरो स्वतः बाहेर उडी मारत नाही. माणसं त्याला उचलून बाहेर काढतात, खुर्चीत बसवतात, पांघरूण घालतात, हातात सॅटेलाइट फोन देतात. सुनीता विल्यम्स ८ दिवसांसाठी गेल्या आणि २८६ दिवसांनी, मार्च २०२५ मध्ये उतरल्या. त्यांना स्ट्रेचरवरून नेताना बघून आपल्याकडे लोक हळहळले, पण ती रीतच आहे, आजारपण नव्हे.

'जो'सारखं एकटं परत येणं शक्य आहे का? आहे. १९६९ च्या जानेवारीत बोरिस व्होलिनोव्ह सोयुझ ५ मधून एकटे उतरले, सोबतचे दोघं दुसऱ्या यानात गेले होते. इंजिनाचा भाग सुटलाच नाही आणि यान उष्णतारोधक तळाऐवजी तोंड पुढे करून वातावरणात शिरलं. अखेर तापानं जोड तुटले आणि यान स्वतःहून सरळ झालं. उतरण्याचा दणका इतका की त्यांचे दात तुटले. २००८ मध्येही एका सोयुझचा तुकडा वेळेवर सुटला नाही. यान तिरपं तरंगत येण्याऐवजी दगडासारखं आलं, ८ पटींच्या वर भार पडला आणि ठरल्या जागेच्या चारशेहून जास्त किलोमीटर अलीकडे उतरलं. तिघंही वाचले. १९७१ मध्ये सोयुझ ११ चे तिघं वाचले नाहीत. भाग सुटताना एक झडप उघडली, हवा निघून गेली आणि त्यांच्या अंगात दाबाचे पोशाख नव्हते. तेव्हापासून परतताना पोशाख सक्तीचा. तेव्हा पटकथेत तुमचा नायक खाली येताना टी-शर्टवर दिसला तर जाणकार तिथेच उठून जाईल.

आपल्या गगनयानाचा विचार करून लिहिणार असाल तर जमीन विसरा, समुद्र धरा. त्यात १० पॅराशूट आहेत: दोन झाकण ओढायला, दोन वेग मारून यान स्थिर करायला, तीन मोठ्यांना ओढून काढायला आणि तीन मुख्य. शुभांशु शुक्लाही १५ जुलै २०२५ ला कॅलिफोर्नियाजवळ समुद्रातच उतरले. लाटांवर डुलणारी कुपी आणि कानातले बंडखोर खडे, म्हणजे उलटीची पिशवी हाताशी हवीच.

घर बदललेलं सापडण्याचा खरा किस्सा हवा असेल तर सर्गेई क्रिकालेव्ह आहेत. मे १९९१ मध्ये सोव्हिएत संघातून वर गेले आणि ३११ दिवसांनी, मार्च १९९२ मध्ये उतरले. तोवर देश नकाशावरून गेलेला, जन्मगाव लेनिनग्राडचं सेंट पीटर्सबर्ग झालेलं, आणि ज्या कझाकस्तानातून उड्डाण केलं तो वेगळा देश. गाडीचा रंग बदलला तर काय विशेष!

खाण्याचाही प्रसंग ठेवा, पण उलटा. वर नाक चोंदल्यानं चव मंदावते, लोक तिखट मागतात. शेंगा चटणी मात्र नेता येणार नाही, भुकटी डोळ्यांत आणि पंख्यांत जाते. मीठ-मिरीसुद्धा तिथे पातळ स्वरूपात असतं. पावाचे कण उडतात म्हणून १९८५ पासून टॉर्टिया, म्हणजे मऊ पोळीसारखा प्रकार नेतात. आपली कडक भाकरी तर बंदी घालण्यासारखीच वस्तू. म्हणून तो घरी येऊन कडक भाकरी मोडतो, कण ताटात पडतात आणि पडलेलेच राहतात. तो त्यांच्याकडे बघत बसतो. संवाद नको.

यानंतर ४५ दिवस रोज २ तास व्यायाम, कारण कंबरेचं हाड वर महिन्याला एक ते दीड टक्का झिजतं आणि भरून यायला झिजायला लागला त्यापेक्षा जास्त वेळ लागतो. गाडी चालवायची नाही, साधारण पहिले ३ आठवडे. म्हणजे सेकंदाला साडेसात किलोमीटर उडालेला माणूस सात रस्त्यावरून मित्राच्या स्कूटरवर मागे बसून जाणार, आणि प्रत्येक खड्ड्याला मित्राचा शर्ट धरणार.