शिंतोची वाट आणि आमची राई

सिंधुदुर्गातल्या आमच्या गावी सातेरीच्या देवळाचा जीर्णोद्धार ठरला आहे. देऊळ देवराईत आहे. आराखड्यात सिमेंटचा सभामंडप आहे, गाड्या लावायला जागा आहे आणि त्यासाठी राईतली तेरा झाडं जाणार आहेत. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर महिनाभर वाद पेटलाय. मी ओसाकात राहतो, म्हणून दोन्ही बाजू मला ओढतात. राई वाचवायला निघालेली पोरं लिहितात, "जपान बघा, शिंतो धर्मात झाडालाच देव मानतात." मंडपवाले विचारतात, "दादा, तिकडची देवळं एवढी देखणी, मग आपल्याच देवीनं गळक्या छपराखाली का बसावं?"

मी पोरांच्या बाजूचा आहे. पण त्यांनी दिलेला जपानचा दाखला अर्धाच आहे, आणि राहिलेला अर्धा आपल्या जास्त कामाचा आहे.

शिंतो म्हणजे देवांची वाट. आपल्या 'पंथ' शब्दातही वाटच आहे. या वाटेला संस्थापक नाही, एकच एक धर्मग्रंथ नाही. सहाव्या शतकात कोरियातून बौद्ध धर्म आला, तेव्हा आधीपासूनच्या पूजेला वेगळं ओळखायला नाव लागलं. इ.स. ७२० च्या 'निहोन शोकी' या बखरीत ते नाव दिसतं. यातल्या देवांना कामी म्हणतात. अठराव्या शतकातले पंडित मोतोओरी नोरिनागा सांगतात की जे जे सामान्याहून वेगळं आणि ज्याच्यापुढे मनात धाक दाटतो, ते कामी. मग ते झाड असो, डोंगर असो, समुद्र असो की माणूस. चांगलं असो वा वाईट. म्हणून मला 'देव'पेक्षा आपला 'जागृत' हा शब्द कामीच्या जवळचा वाटतो. नारा भागातल्या ओमिवा देवस्थानाला गाभारा नाही. मिवा डोंगर हाच तिथला देव. तिथं हात जोडताना मला, वारुळाच्या रूपात पुजली जाणारी आमची सातेरी आठवली.

बुद्ध आणि कामी हजारेक वर्षं एकाच आवारात नांदले. १८६८ मध्ये मेजी सरकारनं हुकूम काढून त्यांना वेगळं केलं आणि ठिकठिकाणी बुद्धमूर्ती फुटल्या. 'मूळचा शुद्ध धर्म' शोधायला सरकार निघालं की काय होतं, ते आपल्याकडच्या चर्चांतही कुणी आठवावं.

पुढचं तर थेट आमच्या राईशी जोडलेलं आहे. १९०६ पासून सरकारनं लहान देवस्थानं मोठ्यांत विलीन करायला सुरुवात केली. मोडकी, बेवारशी देवळं नकोत, गावाला एकच असावं पण ते थाटाचं असावं, असा विचार होता. दहाएक वर्षांत सुमारे ७० हजार देवस्थानं गेली. देव हलवला की मागे उरलेल्या राईचं लाकूड विकायला मोकळं. ज्यांनी कुऱ्हाड चालवली तेही कामींपुढे टाळ्या वाजवून वाकणारेच होते. झाडात देव मानल्यानं झाड वाचतं असं नाही, हे मला इथं येऊन कळलं.

वाकायामातले मिनाकाता कुमागुसू मात्र उभे राहिले. लंडनमध्ये आठ वर्षं अभ्यास करून आलेला हा निसर्गसंशोधक पत्रं लिहीत राहिला, वर्तमानपत्रांतून भांडला. १९१० मध्ये विलीनीकरणवाल्यांच्या सभेत घुसून गोंधळ घातला म्हणून १८ दिवस कोठडीत राहिला. राई तुटली की झरे, पक्षी आणि गावाची एकी सगळंच तुटतं, हे त्यांचं म्हणणं होतं. कुमानोच्या यात्रामार्गावर नोनाका इथं त्यांच्या झगड्यामुळे वाचलेले सुगीचे, म्हणजे जपानी देवदाराचे, मोजके वृक्ष आहेत. फांद्या सगळ्या दक्षिणेकडे वळलेल्या. त्यांच्याखाली मी बराच वेळ बसलो होतो. आसपासचे बाकीचे तोडले गेले, ते पुन्हा कुणाला आणता आले नाहीत.

मी ग्रुपवर लिहिलं: छपराची कौलं आणि भिंतीचे चिरे यांचे पैसे माझे. मंडप राईबाहेरच्या पडीक जमिनीवर बांधा, त्यालाही देईन. झाडं पाडून होणाऱ्या कामाला मात्र एक रुपया देणार नाही. त्यावर दोन दिवस कुणी काही बोललं नाही. मग गुरवकाकांचा निरोप आला की झाडाला हात लावण्याआधी देवीला कौल लावायचा. मला मान्य आहे. तो कौल मे महिन्यात, चाकरमानी गावात असताना, त्या तेरा झाडांखाली सगळ्यांसमोर लागावा, एवढंच मी मागितलंय. तिकीट काढलं आहे.