प्यादं एकच घर चाललं असतं तर

रविवारी संध्याकाळी मेडिकलवाल्यानं बुद्धिबळाचा हातातला डाव बरोबरीत घालवला आणि कट्टा पेटला तो साडेनऊपर्यंत.

पटावर तीनच मोहरे उरले होते. (पटाचे उभे रकाने ए ते एच आणि आडव्या ओळी एक ते आठ, त्यावरून घरांची नावं.) त्याचा पांढरा राजा डी-४ वर, प्यादं अजून ई-२ वर, समोर मास्तरांचा काळा राजा डी-६ वर. चाल मेडिकलवाल्याची. त्यानं प्यादं उचललं आणि झटक्यात दोन घरं पुढं, ई-४ ला ठेवलं. मास्तरांनी शांतपणे राजा ई-६ ला आणला. पुढं सात-आठ चालींत काळ्या राजाला शह नाही आणि जायला घरही नाही, अशी कोंडी झाली. बरोबरी.

"बघा," मेडिकलवाला म्हणाला, "दोन वर्षं झाली, मोबाईलवर रेटिंग अकराशेच्या वर सरकत नाही. रोज रात्री दुकान बंद केल्यावर पंधरा-वीस डाव खेळतो. पन्नाशी आली मर्दा, आता डोकं काय वाढणार? दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये जॉर्जियातल्या बातुमीत महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हा ती १९ वर्षांची होती."

"तुला विश्वचषक कोण मागतंय?" मी म्हणालो. "मास्तरांना हरवायचंय ना?"

मास्तरांचं ठरलेलं औषध तयारच होतं. ओपनिंग, म्हणजे डावाची सुरुवात, पाठ कर, लंडन सिस्टिम नावाची ठरलेली मांडणी घे, उंट बाहेर काढ, मग ई-३, मग सी-३, पहिल्या दहा चाली डोळे मिटून. मला हे कधीच पटलेलं नाही, आणि त्या दिवशी तर अजिबात नाही. ओपनिंग कधीच मागं पडलं होतं, प्यादंही याच्याकडेच जास्त होतं. डाव शेवटच्या तीन मोहऱ्यांत गेला आणि सल्ला पहिल्या दहा चालींचा!

इंजिनिअरिंगला असलेल्या पोरानं तोवर मोबाईलमधल्या इंजिनवर, म्हणजे चाली तपासणाऱ्या प्रोग्रॅमवर, पट मांडला होता. "काका, ई-३ खेळला असता तर जिंकत होता. ई-४ नं बरोबरी. इंजिन शून्य दाखवतंय, म्हणजे दोघं सारखेच."

"का पण?" अण्णांनी विचारलं.

"ई-३ चांगली चाल आहे म्हणतंय."

"ते ऐकलं रे. का?"

पोरगं मोबाईलकडं बघत राहिलं. मला त्याच्यात मीच दिसलो. वर्षभर मी असंच केलंय. डाव संपला की इंजिन लावायचं, लाल खुणा बघायच्या, "अरेच्चा" म्हणायचं आणि पुढच्या डावात तीच चूक करायची. चूक कुठं झाली ते यंत्र क्षणात दाखवतं. माझा हात तिकडं का गेला, हे त्याला कसं कळणार? ते मलाच शोधावं लागतं, पटासमोर बसून.

अण्णा पंच्याहत्तरीचे. देशी पद्धतीनं खेळायला शिकलेले. त्यांनी चहाचा ग्लास बाजूला सारला आणि तीन मोहरे पुन्हा मांडले. "आमच्या वेळी प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर चालायचं. राजाला डावात एकदा घोड्यासारखी उडी मिळायची, पण प्याद्याला दोन घरांची सवलत नव्हती. तू त्या काळात असतास तर हा डाव जिंकला असतास."

सगळे हसले, पण अण्णा गंभीर होते. त्यांनी ई-३ खेळून दाखवलं. आता दोन्ही राजे समोरासमोर, मध्ये एकच घर, आणि चाल काळ्याची. ज्याला हलावं लागतं त्यानं वाट सोडायची. काळा ई-६ ला आला तर पांढरा ई-४ ला, पुन्हा समोरच उभा. काळा सी-६ ला गेला तर पांढरा ई-५ ला घुसतो. राजा पुढं, प्यादं मागं. ई-४ खेळलं की प्यादंच राजाच्या पुढं धावायची वेळ येते आणि काळा राजा त्याच्या वाटेत बसून राहतो.

मी सरळ मुद्द्यावर आलो. पंधरा-वीस ब्लिट्झ, म्हणजे झटपट, डावांऐवजी एक डाव खेळ. १५ मिनिटांचा, प्रत्येक चालीला १० सेकंद वाढीव असलेला. संपल्यावर इंजिन बंद ठेवून वीस मिनिटं पटावर तोच डाव पुन्हा चाल. कुठं घाई केलीस, समोरच्याची कुठली चाल तुला दिसलीच नाही, ते वहीत लिही. मग इंजिन लाव. आमच्या सांगलीत, बुद्धिबळ संघटक भाऊसाहेब पडसलगीकरांच्या आणि नूतन बुद्धिबळ मंडळाच्या गावात, हे मी सांगावं लागू नये.

"तीन मिनिटांत मजा येते रे," मेडिकलवाला म्हणाला. "दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचतो, रात्री पुन्हा वही कुठं घेऊन बसू?"

याला माझ्याकडं उत्तर नव्हतं, आणि अजून नाही. मजेसाठी खेळणाऱ्याला कोण अडवणार? पण रेटिंग हलत नाही म्हणून दोन वर्षं रोज हळहळतो तोही हाच माणूस. त्याची ती हळहळ मला बघवत नाही.

वयाचा मुद्दा मात्र मास्तरांनीच खोडून काढला. १९७३ मध्ये चेस आणि सायमन या अमेरिकी संशोधकांनी खेळाडूंना काही सेकंद पट दाखवला आणि तो आठवणीनं पुन्हा मांडायला सांगितला. खऱ्या डावातला पट असला की उस्ताद नवख्यापेक्षा कितीतरी सरस. मोहरे कसेही विखरून ठेवले की तो फरक जवळपास संपला. "म्हणजे त्यांची स्मरणशक्ती काही जगावेगळी नव्हती," मास्तर म्हणाले, "ओळखीचे आकार साठले होते. तू चाळीस औषधांच्या पट्ट्या लांबून ओळखतोस ना, तसंच."

मेडिकलवाला जरा सैलावला. "पण असल्या चुका मोठे लोक करत नसतील."

"करतात की!" पोरगं एकदम बोललं. डिसेंबर २०२४, सिंगापूर, गुकेश आणि तेव्हाचा जगज्जेता, चीनचा डिंग लिरेन यांच्या जगज्जेतेपदाच्या लढतीचा चौदावा डाव. डिंगनं ५५ व्या चालीला हत्ती एफ-२ ला आणला. बरोबरीकडं चाललेला डाव! गुकेशनं हत्तीला हत्ती मारून घेतला, उंटही मरणार होते, आणि उरणारं राजा-प्याद्यांचं शेवटचं युद्ध डिंग हरत होता. ५८ चालींत राजीनामा. चार तास बसून थकलेल्या जगज्जेत्यालाही राजा आणि प्यादी चकवून गेली.

चहा पुन्हा आला. अण्णांनी राजे डी-४ आणि डी-६ वर ठेवले, प्यादं ई-२ वर, आणि पोराला काळ्याच्या बाजूला बसवलं. मोबाईल खिशात.

मेडिकलवाल्यानं ई-३ केलं. पोरानं राजा सी-६ ला नेला. मेडिकलवाल्याचा हात प्याद्याकडं गेला, थांबला, मागं आला. तो चार मिनिटं बसून होता. मध्ये कोणीतरी गाडी लावून क्रोसिन मागायला आलं, त्यालाही त्यानं हातानंच थांबवलं. मग राजा उचलून ई-५ वर ठेवला.