गोळी थांबवा सांगणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

घोडबंदर रोडच्या सोसायट्यांपासून नेरुळ-वाशीतल्या सकाळच्या फिरायच्या ग्रुपपर्यंत एक फॉरवर्ड फिरतोय. त्याचं म्हणणं असं: अमेरिकेने २०१५ मध्ये कोलेस्टेरॉल निर्दोष ठरवलं, शरीराला ते लागतंच, कोलेस्टेरॉलच्या गोळ्या म्हणजे कंपन्यांचा धंदा, त्या बंद करा, साजूक तूप मनसोक्त खा आणि लसूण-आलं-लिंबाच्या काढ्याने ब्लॉकेज विरघळवा.

आधी अमेरिका. तिथल्या आहार-मार्गदर्शिकेतून दिवसाला ३०० मिलिग्रॅमची मर्यादा खरंच गेली, पण ती ताटातल्या कोलेस्टेरॉलची होती. रक्तातल्या एलडीएलला, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉलला, कुणी क्लीन चिट दिली नाही. बहुतांश कोलेस्टेरॉल यकृतच बनवतं, त्यामुळे एका अंड्याच्या बलकाने बहुतेकांच्या रिपोर्टमध्ये फार फरक पडत नाही. मात्र सॅच्युरेटेड फॅट (तूप-लोण्यात जास्त असते ती) एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत ठेवा, हे त्याच मार्गदर्शिकेत आहे. फॉरवर्डवाल्याने नेमकं तेच गाळलं.

२००० कॅलरींच्या आहारात हे १० टक्के म्हणजे साधारण २२ ग्रॅम. १५ मिलीच्या मोठ्या चमचाभर तुपात ८-९ ग्रॅम निघतात. वरणभातावर एक, पोळ्यांना एक, की १७ संपले. दूध, पनीर, वडापाव अजून बाकीच. या फॅटमुळे यकृतावरचे एलडीएल ओढून घेणारे रिसेप्टर कमी होतात आणि एलडीएल रक्तातच राहतं. तूप वर्ज्य नाही, ‘मनसोक्त’ चुकीचं आहे.

शरीराला लागतं, हे खरं. पण किती? नवजात बाळाचं एलडीएल ३० च्या आसपास (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर, पुढचे आकडेही याच एककात) असतं, आणि वाढ तर तेव्हाच सगळ्यात जोरात चालू असते.

गोळ्यांचा धंदा चालतो, नाकारायचं कारण नाही. तरी १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कँडिनेव्हियातल्या चाचणीत ४४४४ हृदयरुग्णांवर पाच वर्षांहून अधिक काळ सिम्व्हास्टॅटिनची (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातली गोळी) तुलना नकली गोळीशी केली, तेव्हा स्टॅटिन घेणाऱ्यांत एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी कमी निघाले. स्नायू दुखणं काहींना होतं. त्यावर डॉक्टर सीपीके (स्नायूंना इजा झाली का ते सांगणारी रक्तचाचणी) तपासतात, डोस कमी करतात किंवा औषध बदलतात. परस्पर गोळी सोडणं हा त्यावरचा इलाज नव्हे. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून सोडणारेही पुष्कळ. अहो, तो गोळीमुळेच नॉर्मल आलाय! काही आठवड्यांत आकडा पुन्हा चढतो.

काढ्याबद्दल एवढंच, की ब्लॉकेज नळात साचलेला गाळ नसतो. तो रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत वाढतो. काढा तिथे काही विरघळवत नाही.

रिपोर्ट मात्र नीट वाचा. बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, हिशेबाने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल (‘चांगलं’ कोलेस्टेरॉल) ४०, ट्रायग्लिसराइड (रक्तातली आणखी एक चरबी) २५०, तर २१० वजा ४० वजा ५० (२५० चा पाचवा भाग), म्हणजे १२०. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असतील तर हे गणित चालत नाही, एलडीएल थेट मोजणारी ‘डायरेक्ट एलडीएल’ चाचणी करावी लागते. कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ रेंजही सगळ्यांना लागू नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाच्या २०२४ च्या शिफारशींनुसार कमी धोका असलेल्यांसाठी एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा बीपी असलेल्यांसाठी ७० च्या खाली आणि हार्ट अटॅक येऊन गेलेल्यांसाठी ५५ च्या खाली हवं.

फॉरवर्ड वाचून गोळी थांबवली असेल तर आजच डॉक्टरांना फोन करा. पुन्हा सुरू केल्यावर ४ ते १२ आठवड्यांनी लिपिड प्रोफाइल (कोलेस्टेरॉलची रक्तचाचणी) करा. आकडा खूपच चढलेला असेल तर टीएसएच ही थायरॉइडची चाचणीही करून घ्या, कारण थायरॉइड मंदावलं की एलडीएल वाढतं.