तो दगडी गोळा पोकळ नाही, खाली चुंबकही नाही

पाण्यावर ‘तरंगत’ फिरणाऱ्या दगडी गोळ्याचा व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. सोबत मजकूर : गोळा आतून पोकळ, खाली चुंबक. दोन्ही थापा. गोळा भरीव ग्रॅनाइटचा असतो. मीटरभर व्यासाचा घेतला तर सुमारे १४०० किलो. हौदात टाकलात तर थेट तळ गाठेल.

खुबी आहे ती खालच्या दगडी वाटीत. ती गोळ्याच्या गोलाईला तंतोतंत जुळेल अशी घासलेली असते. पंप तळातून पाणी सोडतो. कडेने निसटताना त्याचा मिलिमीटरहून पातळ थर होतो आणि गोळा त्यावर उचलला जातो. दाब गाडीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही कमी पुरतो, कारण तो वाटीभर पसरतो. घर्षण जवळपास नाहीच, म्हणून लहान पोरही तळव्याने ढकलून गोळा फिरवतं. अमेरिकेत रिचमंडच्या विज्ञान संग्रहालयाबाहेरचा तर २९ टनांचा आहे! पंप बंद केला की मग बसा ढकलत.